गळा मोकळा कर

१

"चाल कुठून सुचते तुम्हाला?"

हा प्रश्न महेश गायधनीला इतक्या वेळा विचारला गेला होता की त्याचं उत्तर तो झोपेतही देऊ शकला असता. आधी तो डोळे मिटायचा. मग जरा थांबून म्हणायचा, "पहाटे सोमेश्वरच्या धबधब्यावर जाऊन बसतो. पाणी बोलतं, मी फक्त ऐकतो." मुलाखत घेणारी मुलगी भारावून जायची आणि रविवारच्या पुरवणीत पाणी बोलायला लागायचं. प्रत्यक्षात महेश पहाटे कधी उठत नसे. सोमेश्वरला तो शेवटचा गेला होता तो मुंबईचे पाहुणे आले तेव्हा, भाजलेलं कणीस खायला.

चाली सापडायच्या त्या भर दुपारी, चहाच्या वेळेला, गंगापूर रोडवरच्या त्याच्या बंगल्याच्या तळघरात. तिथे त्याचा स्टुडिओ होता. दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे महेशची खुर्ची आणि स्क्रीन, पलीकडे गाणाऱ्याची खोली. तिच्या भिंतींना फोम, तिच्या आणि जिन्याकडच्या अशा दोन्ही दारांना रबराची पट्टी. आत उभं राहिलं की बाहेरचं जग बंद व्हायचं.

मोठा गायक येण्याआधी गाणं कुणाकडून तरी कच्चं गाऊन घेतात, त्याला या धंद्यात डमी म्हणतात. डमी गायला आलेल्या मुलीला महेश आत उभी करायचा, तिच्या हेडफोनमध्ये तानपुरा सोडायचा आणि प्रेमाने सांगायचा, "गळा मोकळा कर तू निवांत. मी चहा पिऊन येतो." जाताना माईक मात्र चालू ठेवायचा. कुणी ऐकत नाही असं समजून गाणारी मुलगी काय काय गुणगुणते! महेश चहा पिऊन यायचा, सगळं ऐकायचा आणि हवं ते उचलायचा. पाणी बोलायचं ते असं.

आणि बोलायचं ते एकाच मुलीच्या गळ्यातून, मखमलाबादच्या ज्योत्स्नाच्या. तिने गाणं सोडून दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत महेशला एक चाल सुचली नव्हती. तिच्यानंतर ज्या आल्या त्या सारेगमप करून गप्प उभ्या राहायच्या.

आता एका सिनेमाचं गाणं हातात होतं आणि ते त्याची मुलगी चैताली गाणार होती. चैताली सतरा वर्षांची. तिचा आवाज ऐकून अनोळखी माणसंही बोलायची थांबायची. या एका गाण्यावर तिचं नाव व्हायचं होतं आणि महेशचं बुडालेलं नाव वर यायचं होतं. फक्त चाल नव्हती.

त्या दुपारी तळघरात कुणीच यायचं नव्हतं. महेशने जुन्या सवयीने तानपुरा लावला, माईक चालू केला आणि वर जाऊन चहा घेतला. परत आला तेव्हा स्क्रीनवर रिकाम्या खोलीची रेषा सरळ पडलेली होती. फक्त मध्येच एका ठिकाणी ती फुगली होती.

२

त्याला वाटलं, काहीतरी पडलं असेल. त्याने तेवढा तुकडा लावला.

आधी कुणीतरी श्वास घेतला. "हं" असा, छोटासा, नाकातून. मग एक ओळ आली. शब्द नव्हते, नुसता आकार. खालून उठून वर चढली, वरच्या षड्जावर जाऊन बसली आणि तिथेच थांबली.

महेश सुशिक्षित माणूस होता. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांची तो जेवणाच्या टेबलावर यथेच्छ टर उडवायचा. त्याने आधी तार तपासली. मग जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा चुकून इथे आला असेल म्हणून सगळ्या फाइली धुंडाळल्या. मग शेजारच्या बंगल्यात कुणी गाणं शिकायला लागलंय का ते प्रतिभाला विचारून आला. प्रतिभा, त्याची बायको, ओट्यापाशी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "शेजारी कोणीच नाहीये अरे. कुलूप आहे दिवाळीपासून."

तो खाली आला आणि काचेतून आत बघत बसला. आत माईक उभा होता, खुंटीवर हेडफोन लटकत होते, कोपऱ्यात स्टूल होतं. काही बदललं नव्हतं. पण खोली रिकामी दिसत नव्हती. पाहुणे नुकते उठून गेल्यावर दिवाणखाना दिसतो तशी दिसत होती.

भीती वाटली का? वाटली. पण चार मिनिटांनी हार्मोनियम पुढे ओढून तो ती ओळ वाजवून बघत होता, कारण ओळ फार सुंदर होती. आवाज ओळखीचा वाटत होता. रोज कानावर पडणारा आवाज असा अवेळी आला की ओळखता येत नाही, तसं काहीतरी झालं होतं.

संध्याकाळी चैताली रियाजाला बसली आणि मध्येच उठून आली.

"बाबा, वरचा सा लागत नाहीये."

"कुल्फी खाल्ली असशील कॉलेज रोडला."

"नाही खाल्ली. आणि दुखत पण नाहीये. नुसता तिथे नाहीच आहे तो. म्हणजे, पायरीवर पाय टाकावा आणि पायरीच नसावी ना, तसं."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर," महेश म्हणाला. त्याच्या डोक्यात ती ओळ चालू होती.

३

दुसऱ्या दुपारी त्याने माईक मुद्दाम चालू ठेवला. चहा नुसता ओठाला लावून तो खाली पळाला. मुखडा पुरा झाला होता. आदल्या दिवशीच्या ओळीला जोडून दुसरी ओळ आली होती आणि दोन्ही मिळून असा काही घाट झाला होता की महेशच्या अंगावर काटा आला. त्याने लागलीच सिनेमावाल्यांच्या कुंदनला फोनवर ऐकवलं. कुंदन ओरडलाच. "सर, कुठून आणता हो हे?"

"सोमेश्वर," महेश म्हणाला.

फोन ठेवून त्याने पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून, डोळे मिटून. आणि मग त्याला तो आवाज ओळखू आला. तो चैतालीचा होता.

त्याने तिला फोन लावला. ती कॉलेजच्या कँटीनमध्ये होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. "काय बाबा?" ती म्हणाली आणि खोकली. तिचा बोलायचा आवाज बसलेला होता. सकाळी तो बसलेला नव्हता.

महेशने मनाशी हिशेब मांडला. पोरीने कधीतरी खाली येऊन गुणगुणलं असणार आणि ते कुठल्या तरी फाइलीत राहिलं असणार. हा हिशेब बरोबर येत होता, पण एका जागी अडत होता. ओळीआधीचा तो श्वास. चैताली गाताना असा श्वास घेत नसे. नाकातून छोटासा "हं" करून गाणारी बाई महेशला एकच माहीत होती.

ज्योत्स्नाचं काय झालं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका मालिकेचं शीर्षकगीत होतं. तिचा गळा सुजला होता आणि डॉक्टरने तिला महिनाभर बोलायलाही बंदी केली होती. उद्या गाणं द्यायचं होतं आणि शेवटचा आलाप राहिला होता. महेश म्हणाला, "एकच ओळ, ज्योत्स्ना. मग महिनाभर गप्प बस, मी काही म्हणणार नाही." ती गायली. ओळीच्या मध्यावर तिच्या गळ्यात काहीतरी सुटलं. तिने गळ्यावर हात ठेवला आणि काचेतून महेशकडे बघितलं. महेशला ते दिसलं होतं. त्याने काचेच्या अलीकडून हाताने खूण केली, पुढे, पुढे. आणि तिने ओळ पुरी केली. तो फाटलेला आलाप गाण्यात तसाच राहिला. लोक रडले, महेशला पुरस्कार मिळाला. तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि आवाज तर तिच्याकडेही उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात अंतरा येत गेला, दर दुपारी थोडा थोडा. चैतालीचे सूर वरून खाली असे एकेक जात राहिले. कॅनडा कॉर्नरच्या चौकातल्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. "स्वच्छ गळा आहे," तो म्हणाला. "सूज नाही, गाठ नाही. काही टेन्शन आहे का घरात?" बाहेर आल्यावर चैतालीने काही विचारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली आणि रडण्याचाही आवाज झाला नाही.

त्या दुपारीसुद्धा माईक चालू होता.

४

मखमलाबादच्या मळ्यात ज्योत्स्नाची आई नवसाबाई शेवंतीच्या ढिगाशी बसून हार ओवत होती. महेशला बघून ती उठली नाही.

"कोन, गायधनी मास्तर? लय दिसांनी वाट सापडली."

"ज्योत्स्ना आहे का?"

"हाय ना. जाती कुठं? आधी फुलबाजारात उभी राहिली तर आख्खा बाजार वळून बघायचा, असा खणखणीत भाव सांगायची पोर. आता मीच जाते. मुकी बाई भाव काय करनार?"

ज्योत्स्ना शेडच्या आतल्या बाजूला बसली होती, मांडीवर सुईदोरा. ती वाळली नव्हती, खंगली नव्हती. चांगली होती. तिने महेशकडे बघितलं ते बऱ्याच दिवसांपासून मागवलेली वस्तू एकदाची घरी आल्यासारखं.

"चैताली कशी आहे, सर?" तिने विचारलं. तिचं बोलणं म्हणजे नुसती कुजबुज होती. ऐकायला महेशला खाली वाकावं लागलं.

इथे येईपर्यंत त्याला स्वतःचंच हसू येत होतं. एका फुलं ओवणाऱ्या बाईला आपण विचारणार तरी काय? आता हसू गेलं.

"तुला माहितीये ती कशी आहे," तो म्हणाला. "ज्योत्स्ना, जे काय चाललंय ते थांबव. तिने तुझं काय वाईट केलंय?"

"काहीच नाही. गोड पोर आहे. मला ताई म्हणायची. खाली पाणी आणून द्यायची."

"मग?"

"मी इथे फुलं ओवते, सर. मी काय करणार?" तिने दोऱ्यात एक फूल सरकवलं. "माईक कोण चालू करतं?"

महेशने नजर शेवंतीच्या ढिगाकडे वळवली.

"तुम्ही बंद करा. बंद केलात की थांबेल. पोरीचं सगळं परत येईल. मी कुठं अडवलंय तुम्हाला?"

"एवढंच?"

"त्या दिवशी पण एवढंच करायचं होतं."

"तुझं नाव देतो," महेश घाईने म्हणाला. "सगळ्या गाण्यांना, जुन्या पण. पेपरात छापून आणतो."

ज्योत्स्ना हसली. हसण्याचा आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. ते बघून नवसाबाईचे हात थांबले आणि तिने मान फिरवली.

"नाव नको आता," ज्योत्स्ना म्हणाली. "मला फक्त बघायचंय."

"काय?"

"तुम्ही बंद करता का."

तिने पुन्हा हारात मान घातली. तिचा गळा हलत होता, गाणाऱ्या बाईचा हलतो तसा, खालीवर, सावकाश. शेडमध्ये मात्र माशीचा आवाजसुद्धा नव्हता.

"निघा मास्तर," नवसाबाई म्हणाली. "ऊन वाढून राहिलं. आमची फुलं जायची वाया."

५

महेशने घरी येऊन माईकची तार उपसली. ती गुंडाळून कपाटात टाकली, तळघराला कुलूप लावलं आणि किल्ली प्रतिभाच्या हातात दिली.

"काय झालं?" प्रतिभाने विचारलं.

"काही नाही. थोडे दिवस काम बंद."

प्रतिभा त्याच्याकडे बघत राहिली. "महेश, चैतालीच्या गळ्याचा आणि तुझ्या खालच्या खोलीचा काही संबंध आहे का?"

"वेडी आहेस का तू?"

दोन दिवसांनी चैताली सकाळी उठली आणि म्हणाली, "आई, दूध." तेवढंच, पण म्हणाली. प्रतिभाने दुधाचं पातेलं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. दुपारी चैताली फोनवर मैत्रिणीशी बोलली. संध्याकाळी तिने खालचा सा लावला, मग रे, मग ग. महेश दाराआडून ऐकत होता आणि त्यालाही रडू आलं. ते रडू खोटं नव्हतं. बापाचंच होतं.

आणि मग कुंदनचा फोन आला.

"सर, सगळे वेडे झालेत चालीवर. फक्त अंतऱ्याची शेवटची ओळ नाहीये. मुखड्यावर परत कसं यायचं?"

"देतो."

"उद्या द्या सर. नाहीतर ते लोक दुसऱ्याकडून करून घेतील म्हणतात. मी थांबवलंय कसंबसं."

महेश हार्मोनियम घेऊन बसला. त्याने स्वतः ओळ करून बघितली. एक केली, दुसरी केली, बऱ्याच केल्या. सगळ्या नियमात बसत होत्या आणि सगळ्या मेलेल्या होत्या. उरलेल्या गाण्याशेजारी ठेवल्या की त्यांची लाज वाटायची. इतकी वर्षं ज्या माणसाला संगीतकार म्हणून हार घालत आले, त्याला एका ओळीचा उतार जमत नव्हता. हे त्याच्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं, आणि उद्या सगळ्यांना कळणार होतं.

मग त्याने विचार केला. विचार फार शहाणपणाचा होता. बंद केल्यावर आवाज परत येतो, हे तर आता सिद्ध झालं. मग एक ओळ घेतली आणि लगेच बंद केलं, तर पुन्हा परत येईल. आठवडाभरात येईल. आणि गाणार शेवटी कोण? चैतालीच ना? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. शिवाय आपण दार उघडं ठेवू. तिचा आवाज वरून ऐकू येत राहील. जरासा बसला, जरासा चिरकला, की त्या क्षणी बंद.

"किल्ली दे ग जरा," तो प्रतिभाला म्हणाला. "आत वही राहिलीये."

६

दुपार होती. जिन्याकडचं दार त्याने सताड उघडं ठेवलं. वर स्वयंपाकघरात चैताली आईला काहीतरी सांगत होती, कॉलेजमधल्या कुणाची तरी नक्कल करत होती आणि प्रतिभा हसत होती. इतक्या दिवसांनी पोर बोलत होती तर थांबायलाच तयार नव्हती. महेशला बरं वाटलं.

त्याने तार जोडली. तानपुरा सोडला. माईक चालू केला. आज चहाला जायचं नव्हतं. आज तो खुर्चीतच बसला, बोट थांबवायच्या बटनावर ठेवून.

रेषा सरळ चालली होती. वर चैताली म्हणत होती, "आणि मग सर म्हणतात कसे, आई, ऐक ना—"

रेषा थरथरली. श्वास. "हं."

महेशने काचेतून आत बघितलं. बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. हेडफोन खुंटीवर नव्हते. ते माईकपुढे होते, उभ्या बाईच्या डोक्याच्या उंचीवर, आणि त्यांच्या दोन वाट्यांमध्ये डोक्याएवढं अंतर होतं. माईकच्या जाळीवर वाफ धरत होती आणि जात होती, धरत होती आणि जात होती. त्याने चटकन नजर स्क्रीनवर आणली. बोट मात्र जागेवर होतं.

ओळ सुरू झाली.

वर चैतालीचं बोलणं मध्येच तुटलं. वाक्य अर्धं राहिलं. वाटी पडल्याचा आवाज झाला.

"चैताली?" प्रतिभा म्हणाली. "अगं काय झालं? बोल ना. चैताली, बोल!"

दाबायचं होतं. एक बोट, एकदा. ओळ अर्ध्यावर आली होती, गंधारावर रेंगाळत होती आणि आता खाली कशी उतरणार ते महेशला कळत नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. असा उतार त्याने जन्मात ऐकला नव्हता. आत्ता तोडली तर ती पुन्हा मिळायची नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. अजून थोडं. समेवर येऊ दे. आलीच.

"महेश!" वरून किंकाळी आली. "अरे महेश, धाव! ही बघ कशी करतेय! महेश!"

पायांचा धडधडाट झाला, काहीतरी ओढल्याचा, सरपटल्याचा. त्या गोंगाटात ओळीचं शेवटचं वळण नीट ऐकू येत नव्हतं.

महेश उठला. जिन्याकडे गेला, दार आवाज न करता लावून घेतलं, रबराची पट्टी नीट बसली ना ते हाताने चाचपून बघितलं, आणि खुर्चीत येऊन बसला.